देवकाची पालवी

उद्या लेकीचं लग्न, देवकाला पाच झाडांची पालवी हवी, म्हणून जुन्या बुंध्यांना कुठं फुटवा आलाय का बघायला केरबा आपल्या टेकडीवर चढला. आंबा, उंबर, जांभूळ, वड, पळस. सगळं तोडून त्यानं तिथं नुसता साग लावला होता. "बाकीची फुकटखाऊ," असं तो गावभर सांगायचा.

सागाला कीड लागली होती. तिच्या वाटेत परकं झाड आडवं आलंच नाही. अख्ख्या टेकडीच्या पानांची जाळी झाली होती.

झक मारत तो शेजारच्या तातोबाच्या हिरव्यागार, सरमिसळ रानात गेला.

"ने की," तातोबानं पाच डहाळ्या तोडून दिल्या. "फुकटखाऊंच्याच आहेत."

मामाकडं शिकायला गेलेली लेक लग्नासाठी परतली होती. दाराच्या चौकटीला टेकून तिनं पानं हुंगली. "माझं जांभूळ तेवढं राखलंत ना, आबा? वाटलंच होतं."

ती चौकट त्याच जांभळाची होती.