तुरीचं पोतं

"पोतं उचला, काका."

ज्योत्स्ना खुर्चीतून हललीसुद्धा नाही. पुंजारामनं वाकून तुरीचं पोतं पाठीवर घेतलं आणि मशीनच्या तोंडात रिकामं केलं. फाटका सदरा घामानं अंगाला चिकटला.

सरकारी विकास बँकेच्या अर्पिता मॅडम जालन्याहून आल्या होत्या. मागासवर्गीय बायांच्या धंद्यांसाठी बँकेची योजना होती. कुंभार पिंपळगावातल्या या डाळमिलला नवं मशीन द्यायचं की नाही, ते आज इथंच ठरणार होतं.

मॅडमनी मूठभर डाळ उचलून पाहिली. "माल कुठं जातो?"

"अंबडला. घनसावंगीला. गिऱ्हाईक लई हाय, हे मशीन पुरं पडून न्हाई राह्यलं."

"शेड कुणाची?"

"माझ्याच नावावर हाय. लाईटचं मीटर बी."

"आणि हे काका?"

ज्योत्स्नानं पुंजारामकडं निवांत पाहिलं. "जुने हायेत. जरा आळशी हायेत, पण चालून जातंय."

पुंजाराम दात काढून हसला. मॅडमही हसल्या. पाठीवर पुढचं पोतं घेतलेल्या पुंजारामचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

"मशीन मंजूर," त्या म्हणाल्या. "पण मी न सांगता कधीही येईन. तुम्ही खुर्चीत आणि हे काका कामावर दिसले पाहिजेत. नावापुरती मालकी निघाली तर मशीन उचलून नेऊ आणि वर गुन्हाही दाखल करू."

"कवा बी या, मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली.

जीप गेली. रस्त्यावरची धूळ खाली बसली.

पुंजारामनं पोतं भिंतीला टाकलं. फाटका सदरा काढून खुंटीवरचा कडक इस्त्रीचा चढवला. खिशातल्या अंगठ्या बोटांत गेल्या.

"बराबर बोललीस. आळशी तेवढं जास्तीचं झालं," तो म्हणाला. "ऊठ आता. डाळ निवडायला बस जल्दी. अन् मालक म्हन. काका मॅडमपुरतं होतं."

लग्न होऊन गावात आल्यापासून ज्योत्स्ना पुंजारामच्या या मिलच्या कोपऱ्यात रोजानं डाळ निवडत होती. तिच्या जातीवर मशीन मिळतं हे कळल्यावर पुंजारामनंच तिला अंबडला नेलं होतं. शेड, मीटर, बँकेचं खातं, सगळं कायदेशीर तिच्या नावावर करून टाकलं. सही कर म्हणाला, तिनं केली. हिची काय हिंमत, एवढाच त्याचा हिशोब.

ज्योत्स्ना उठली. दारापर्यंत गेली, रस्त्याकडं एकदा पाहिलं. परत येऊन खुर्चीतच बसली.

"इस्त्रीचा सदरा खराब व्हईल, काढून ठेवा," ती म्हणाली. "अन् पोतं उचला, काका."