हद्दीबाहेरची टिकली

शकुबाई रोज कालव्यापलीकडच्या वस्तीवरून सायकलनं बारामतीला मेसवर पोळ्या लाटायला यायची. दिवाळीनंतर त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं पुतणीची सायकल उडवली, पोरीचा पाय मोडला. म्हणून नगरपरिषदेच्या सायकलमार्गांच्या बैठकीला ती खाडा करून तिसऱ्यांदा आली होती. “मार्ग हवा तिथे भिंतीवरच्या नकाशावर ही कागदी टिकली चिकटवा,” मार्ग आखणारा सल्लागार म्हणाला. नकाशातल्या बागेभोवती टिकल्यांची गर्दी झाली होती. शकुबाईनं कालवा शोधला. नकाशा कालव्याच्या अलीकडंच संपत होता. “सायेब, आमची वस्ती कुठं हाय?” “ती हद्दीबाहेर आहे, मावशी. नोंद घेतो.” “दोनदा घेतली की!” तो हसून पुढच्या माणसाकडं वळला. तिनं टिकली नकाशाबाहेर, कोऱ्या भिंतीवर दाबून चिकटवली. तिच्यासोबत आलेल्या वस्तीवरच्या चौघींनीही शेजारी आपापली चिकटवली. शेवटी सल्लागारानं अहवालासाठी फोटो काढला. त्यात नकाशाच आला. “सायेब, जरा मागं सरून काढा की!” मोबाईल केव्हाच खिशात गेला होता.