लेनी कोस्कोने कौतुक करायचं नाही

ओटिसने वाफाळता टॉवेल लेनी कोस्कोच्या तोंडावर दाबून धरला. दाढीआधी टॉवेल ठेवतातच, पण हा दाढीसाठी नव्हता. लेनी बोलायला लागला होता.

दुकानातल्या टीव्हीवर काल रात्री निवडलेला नवा खेळाडू दाखवत होते. पिट्सबर्गचा बास्केटबॉल संघ वर्षभर मन लावून हरला होता. त्याचं बक्षीस म्हणून नव्या पोरांच्या निवडीत त्याला वरचा नंबर मिळाला आणि त्या नंबरावर संघाच्या साहेबांनी लिथुआनियाचा गेडिमिनास उचलला. सात फूट उंच, कोवळं पोर, आणि शहरात कोणीही त्याला खेळताना पाहिलेलं नाही. त्यामुळे सकाळपासून प्रत्येकाचं त्याच्याविषयी ठाम मत होतं. निवृत्त बसड्रायव्हर रॉको म्हणाला की उंचीचं काय एवढं, उंच तर दिव्याचा खांबही असतो, आणि तो निदान रात्री उपयोगी पडतो. दुसऱ्या एकाने पोराच्या पोटऱ्या बघून संघाचं पुढचं दशक बुडाल्याचं जाहीर केलं. रडगाणं अगदी रंगात आलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर गेडिमिनासने मान न वळवता पाठीमागे चेंडू टाकला आणि तो बरोबर सोबत्याच्या हातात पडला. लेनीचे डोळे भरून आले.

"अरे, हा पोरगा तर..." एवढंच तो म्हणाला, आणि टॉवेल आला.

लेनीचं कौतुक ही या संघाची जुनी पनवती. 'हा आपल्याला कप आणून देणार' असं त्याने म्हटलेला पहिला खेळाडू त्याच आठवड्यात बसमधून उतरताना गुडघा मोडून बसला. दुसऱ्याला अचानक विमानाची भीती वाटायला लागली. तिसऱ्याला साक्षात्कार झाला आणि त्याने ॲरिझोनात बेकरी काढली. पाव चांगले असतात म्हणे. यात संघ चालवणाऱ्यांचाही थोडा दोष असेल का, याचा दुकानात एकदा विचार झाला होता आणि ते शक्य नाही असं ठरलं होतं. लेनीलाही ते पटलं होतं. ती तीन पोरं आपणच मोडली, हे तो मनात धरून बसला होता.

टॉवेल काढून ओटिसने वस्तरा उघडला. "म्हण, पोरगा भिकार आहे."

"पोरगा भिकार आहे."

"मनापासून म्हण."

"भिकार आहे रे. पण तो पास..."

टॉवेल परत आला.

अर्धी दाढी झाली असेल, तेव्हा बाहेरून एक लांब काळी गाडी गेली. जरा वेळाने तीच पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला ओटिसने घसा खाकरला आणि सांगून टाकलं की दुपारी नव्या पोराचे फोटो काढायचेत, त्याला केस कापायला इकडेच पाठवलंय, आणि लेनी घरी जाईपर्यंत हे तो बोलणार नव्हता.

गाडी थांबत नव्हती, कारण जागाच नव्हती. टेकडीवरचा सगळा रस्ता भरलेला. मोकळी जागा एकच, दुकानाच्या पलीकडे लेनीच्या दारात, आणि तिथे लेनीची खुर्ची. स्वयंपाकघरातली, हिरव्या रेक्झिनची, एका पायाला चिकटपट्टी. लेनीची गाडी दुरुस्तीला गेली होती. खुर्ची मात्र कामावर होती. रस्त्यात खुर्ची ठेवली की जागा तुमची, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण या शहरात माणूस शेजाऱ्याची बायको पळवेल, खुर्ची हलवणार नाही. लेनीची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा फादरना टेकडीखाली गाडी लावून चढून यावं लागलं होतं. पोचले ते, पण जेमतेम वेळेत.

शेवटी गाडी रस्त्यातच उभी राहिली आणि गेडिमिनास हप्त्याहप्त्याने बाहेर आला. खुर्ची दिसल्यावर ती उचलायला वाकला. ड्रायव्हर इथलाच. "हात लावू नकोस," असं तो आतून जिवाच्या आकांताने ओरडला. पोरगा होता तसाच वाकून राहिला.

लेनी दुकानातून बाहेर पडला. गळ्याभोवती कापड, अर्ध्या तोंडाला फेस. ओटिस टॉवेल घेऊन मागे धावला आणि दारातच थबकला. पलीकडे घराच्या पायरीवर लेनीची बायको बर्निस झाडत होती, तिचाही झाडू थांबला.

लेनीने मान मागे टाकून पोराकडे पाहिलं. पोरगा ओशाळून हसला. कान बाहेर आलेले, हनुवटीवर एक मुरूम. लेनीचे ओठ थरथरले.

"तू," तो म्हणाला, "भिकार आहेस."

पोराचं हसू मावळलं.

"पोटऱ्या नाहीत. उंची फुकट गेलीय. आणि तो पाठीमागचा पास..." इथे त्याचा आवाज चिरकला. दारात ओटिसने टॉवेल सावरला. "इतका भिकार पास मी जन्मात पाहिला नाही."

मग त्याने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हुर्यो केली. हुर्यो संपायच्या आत वाकून खुर्ची उचलली, फुटपाथवर नेऊन ठेवली, आणि ड्रायव्हरला हाताने ये, ये, अजून मागे ये, अशा खुणा करायला लागला. तोंडाने शिव्या चालूच होत्या.

ड्रायव्हरचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. मग गाडी हळूच जागेत शिरली.

गेडिमिनास पायरीपाशी गेला. "आजी, यांचा माझ्यावर एवढा राग का?"

बर्निसने नवऱ्याकडे पाहिलं. गाडीला कोणी घासून जाऊ नये म्हणून तो खुर्चीत राखण करत बसला होता. गालावरचा फेस वाळत चालला होता.

"आमच्या लग्नाच्या दिवशी, बाळा," ती म्हणाली, "माझ्या बापाचीसुद्धा गाडी टेकडीखालीच होती."