दोन बोटं डावीकडे

एप्रिलमध्ये बाबा गेले. इकडे आयर्लंडमध्ये, नास गावातल्या घरात बसून संकेतने फोनवरच चितेला अग्नी देताना पाहिलं. तेव्हापासून तो जेवत होता, झोपत होता, ऑफिसच्या मीटिंगाही करत होता. रडला मात्र नव्हता. शेवटी बायकोने, ज्ञानदाने, शेजारच्या म्हाताऱ्या डर्मटला गळ घातली, "याला कुठेतरी बाहेर न्या हो." डर्मटला एअर रायफल घ्यायची होती, तो संकेतलाही दुकानात घेऊन गेला.

"सशांसाठी जाड छर्ऱ्याची पॉइंट टू टू, नुसते डबे पाडायला बारीक छर्ऱ्याची वन सेव्हन सेव्हन," दुकानदार म्हणाला. "मागे रेंजवर दोन्ही चालवून बघा."

डर्मटने पहिल्याच छर्ऱ्याला डबा पाडला आणि बंदूक संकेतच्या हाती दिली. संकेतचे सगळे छर्रे डब्याच्या डावीकडून गेले. बंदूक बदलली, तरी तेच.

"ग्रँड! ससे तुला पार्टी देतील," डर्मट हसला. "असा नेम शिकवला तरी कोणी?"

"बाबांनी," संकेत म्हणाला. "जत्रेत आमचा फुगे फोडायचा स्टॉल होता. गिऱ्हाइकाचा नेम चुकावा म्हणून बाबा बंदुकीची नळी जराशी उजवीकडे वाकवून ठेवायचे. 'दोन बोटं डावीकडे धर, कोणाला सांगू नकोस,' हे फक्त मला सांगितलेलं."

डर्मटचं हसू विरलं. "ही सरळ आहे रे," तो हळूच म्हणाला. "समोर धरलीस की लागेल."

संकेतने मान डोलावली आणि बंदूक पुन्हा खांद्याला लावली. भरल्या डोळ्यांत डबा विरघळत होता, तरी नेम त्याने दोन बोटं डावीकडेच धरला.