उपाशी पेशी

तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा तेच! इन्सुलिन न दिलेल्या पेशीही पडद्यावर चमकत होत्या. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि मृण्मयी प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होती.

पेशी रात्रभर उपाशी ठेवल्या, तरच इन्सुलिनचा निरोप दारातून आत पोचताना दिसतो. पोट भरलेल्या पेशी आधीच उजळलेल्या असतात.

“द्रौपदाबाई, काल पेशींच्या या बशांना कुणी हात लावला?”

पेशींना रोज खाणं घालणाऱ्या बाई ओशाळल्या. “मीच, ताई. ‘उपाशी’ अशी चिठ्ठी बघून राहवलं नाही. दर वेळी थोडं घातलं.”

मृण्मयी कडाडणार, तोच त्यांनी डबा उघडून पुढे सरकवला. “तुम्हीही सकाळपासून उपाशीच. ते कळायला चिठ्ठी कशाला लागते?”

लसणीच्या चटणीचा वास आला आणि तिचं पोट लगेच गुरगुरलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच निरोप बरोबर पोचला होता.