ग्लासातलं पाणी

"हा ब्रश आहे की सलाईनची बाटली?" हर्णैच्या धक्क्यावर होड्यांचं चित्र काढायला बसता बसताच रत्नाकरने नाक मुरडलं. वामनच्या नव्या ब्रशच्या दांड्यातच पाणी भरलेलं होतं; दाबला की टोक ओलं.

"पाण्याचा ग्लास बाळगायला नको," वामन म्हणाला.

"चित्र आलं नाही तरी चालेल, सामान मात्र भारी हवं! अरे वाम्या, ग्लासात ब्रश खळखळवल्याशिवाय रंगाला जीव येतो का? हे खेळणं नातवाला दे."

वामन आपल्या पॅडवर रंगवत राहिला.

टपरीवरून चहा आला, तोही काचेच्या ग्लासात. रत्नाकरने तो आपल्या निळ्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. तोंड चालू होतं, ब्रशही चालू होता. कागदावरचं आभाळ तपकिरी व्हायला लागलं तेव्हा तो चमकला. पण तोवर निळ्या पाण्याचा मोठा घोट तोंडात गेला होता. वामनदेखत थुंकणार कसा? त्याने तो गिळला.

"चहा अगदीच पांचट," तो म्हणाला.

वामनने पॅड फिरवलं. त्यावर होड्या नव्हत्याच. नाक वर करून बोलणारा रत्नाकर होता, हुबेहूब. "थांब, जरा राहिलंय," म्हणत वामनने नवा ब्रश हलकेच दाबला आणि चित्रातली पांढरी मिशी निळी केली.