अर्धा व्होल्ट

नंदूने बायकोचे रबरी हातमोजे चढवले आणि मगच काकांच्या तारेला हात लावला.

“मेल्या, अर्ध्या व्होल्टाक काय घाबरतंस?” काका म्हणाले. “जिभेला लावलीस तरी कळणार नाही.”

“करंट तो करंट,” नंदू म्हणाला आणि एकेका गळाला कोलंबी टोचू लागला. गणपतीच्या मांडवात एकदा खांबाला चिकटलेला माणूस असा सहजासहजी ऐकत नाही.

काका म्हणजे चंद्रप्रकाश राणे. मूळचे मालवणकडचे, राहायला मालाडला, चौतीस वर्षं वायरमनकी करून घरी बसलेले. मढला नंदूच्या घराचं वायरिंग त्यांनीच केलं होतं. तेव्हापासून दर रविवारी मासळीच्या निमित्ताने येत आणि मासळीपेक्षा गप्पाच जास्त करत. खाऱ्या पाण्यात धातू बुडवला की बारीकसा करंट तयार होतो, तो माशांना कळतो, आणि बेताने अर्धा व्होल्ट दिला तर मासे गळाकडे ओढले जातात, असं त्यांच्या कुठेतरी वाचनात आलं होतं. वाचून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी जेवणाच्या डब्याएवढी पेटी बनवली, आत बॅटरी बसवली, पाणी शिरू नये म्हणून झाकण पक्कं चिकटवलं आणि मालाडहून बसने मांडीवर घेऊन आणली.

बेत सोपा होता. पन्नास-पन्नास गळांच्या दोन तारा. एकीला पेटी जोडायची, दुसरी साधी ठेवायची. आमिष एकच, जागा एकच. कुठे मासे जास्त लागतात ते बघायचं.

नंदू तयार झाला तो काही विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. दोन वर्षांपासून त्याची मासळी रुसली होती. शेजारच्या होड्या निम्म्या तरी भरून येत, त्याची रिकामी. खाडीची घाण, मोठे ट्रॉलर, कुणाची तरी नजर, सगळी कारणं शोधून झाली होती. गोराईचा नितेश होडी विकत घ्यायला टपून होता आणि शूटिंगच्या एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी नंदूची वाट बघत होती. होडी द्यायचीच तर शिमग्याच्या आधी देऊ, असं त्याने बायकोला, जयाला सांगितलं होतं. शिमग्याला होडी सजवायची, पुजायची आणि मग दुसऱ्याच्या हवाली करायची, हे त्याच्याने झालं नसतं. होडी बापाने बांधून घेतलेली. ती जाणार या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

घास उतरत नव्हता, पण तंबाखू मात्र उतरत होती. दोन वर्षांमागे डॉक्टरने बिडी सोडवली, तिच्या जागी चुन्याची डबी आली. दिवसभर मळून मळून त्याचा डावा तळवा पिवळा पडला होता. तुझ्या हातचा बांगडा मांजरसुद्धा खात नाही, असं जया म्हणायची. मांजर तूच लाडावून ठेवलंयस, असं नंदूचं त्यावर उत्तर असे.

काकांच्या तारेवर कोलंबी लावून झाली तशी नंदूने हातमोजे काढले, चिमूटभर तंबाखू मळून दाढेखाली धरली आणि साध्या तारेकडे वळला. तिला कशाला हवेत मोजे?

दुसऱ्या दिवशी काकांच्या तारेला अकरा शिंगाळे आणि दोन वाम लागले. साध्या तारेला एक शिंगाळा, तोही हातभर नाही. काकांनी योगायोग म्हणून सोडून दिलं. पण आठवडा तसाच गेला, मग दुसरा, मग तिसरा. धक्क्यावरचे लोक पेटी बघायला येऊ लागले. जयाची टोपली मालाडच्या बाजारात दुपारच्या आत रिकामी व्हायची. नंदू पुन्हा पोटभर जेवायला लागला. नितेशला नकार कळवला आणि शिमग्याला होडीला कुठला रंग द्यायचा यावर नवरा-बायकोचं भांडणही झालं.

आता साध्या तारेलाही पेटी हवी होती. दुसरी तशीच बनवायची म्हणून काकांनी शनिवारी पहिली घरी नेऊन उघडली आणि ते खुर्चीत बसूनच राहिले.

बॅटरी आणि तिचा करंट तारेत नेणारी पितळी पट्टी यांच्यामध्ये चिकटपट्टीचा तुकडा होता. वाटेत बॅटरी उतरू नये म्हणून असा तुकडा घालायची त्यांची चौतीस वर्षांची सवय. तो जागेवर पोचल्यावर काढायचा असतो. त्यांनी त्यावरच झाकण चिकटवलं होतं.

गप्प बसता आलं असतं. पण उद्या मासळी पुन्हा रुसली तर हा माणूस बंद पेटीच्या भरवशावर बसून राहील, हे त्यांना सहन झालं नाही. रविवारी सकाळीच ते मढला गेले. नंदू धक्क्यावर काकांच्या तारेला कोलंबी टोचत होता, पेटी जोडलेली नसली तरी सवयीने हातात मोजे. जवळच जयाचं मांजर बसलं होतं. काकांनी तुकडा दाखवून सगळं सांगितलं.

“म्हणजे करंट नव्हताच?”

“पहिल्या दिवसापासून नव्हता.”

“मग एवढे मासे?”

“नशीब असेल रे,” काका म्हणाले. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

नशिबाच्या भरवशावर होडी ठेवायची हिंमत नंदूत उरली नव्हती. त्याने नितेशला फोन लावला, संध्याकाळी ये म्हणाला. हातमोजे ओढून काढले आणि टोपलीत फेकले. तंबाखू काढली, चुना लावला, सावकाश मळली. निम्मी तार अजून बाकी होती. निदान आजचा दिवस तरी करू म्हणून तो उघड्या हातांनी उरलेली कोलंबी टोचू लागला. एक कोलंबी त्याने मांजराकडे टाकली.

मांजराने ती हुंगली, नाक मुरडलं आणि मागे सरलं. मग ते तारेच्या पहिल्या निम्म्या भागाकडे गेलं आणि गळावरची कोलंबी दातांनी ओढून खाऊ लागलं. एक संपवून दुसरीकडे वळलं. नंदूने उघड्या हातांनी टोचलेल्या कोलंबीपाशी आलं तसं थांबलं आणि पुन्हा मागे फिरलं.

काका ते बघत होते. मग त्यांनी वाकून टोपलीतले मोजे उचलले.

“नितेशला फोन लाव, येऊ नको म्हणावं,” ते म्हणाले. “पण आधी साबणाने हात धुऊन ये.”